दोन वाजताची बदली

डिसेंबर लागला की आर्डिथ कायपरचे पाय कुरकुरायला लागत. एकोणसत्तर वर्षांचे पाय. त्यातली सव्वीस वर्षं ते चेरीच्या कारखान्यात ओल्या फरशीवर उभे राहिले होते, आणि हिवाळ्यात किराणा दुकानाच्या दाराशी. वेस्ली हार्बरला सरोवरावरून जो वारा येतो तो बुटाच्या तळव्यातून आत शिरतो आणि गुडघ्यापर्यंत चढतो. दोन जोड मोजे घाला, चार घाला, त्याला फरक पडत नाही.

दरवर्षी ख्रिसमसच्या आधीचे चार आठवडे गोरगरिबांसाठी पैसे जमवणाऱ्या मिशनची माणसं गावातल्या दुकानांबाहेर उभी राहत. तिपाईला टांगलेला लाल डबा, त्याच्या झाकणाला फट. त्याला सगळे किटलीच म्हणत. शेजारी लाल एप्रन घातलेलं कुणीतरी हातातली घंटा वाजवत उभं. जे जमेल त्यातून हिवाळाभर कुणाच्या घरचा हीटर चालू राहायचा, कुणाच्या पोरांना बूट मिळायचे. आर्डिथला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सत्याऐंशी साली कारखान्यात अकरा आठवडे संप चालला, तेव्हा मिशनने पाठवलेल्या शिध्याच्या खोक्यांवर तिच्या घरातली चार तोंडं जगली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती पहिल्यांदा घंटा घेऊन उभी राहिली. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी मनापासून, नंतर सवयीने, आणि गेली काही वर्षं केवळ नाही म्हणता येत नाही म्हणून.

यंदा तर नाही म्हणायची सोयच नव्हती. एके काळी मिशनच्या यादीत चाळीस नावं असत. यंदा नऊ. बाकीची काही गेली, काही मुलांकडे फ्लोरिडाला जाऊन राहिली, काहींच्या कमरा धरल्या. त्यामुळे आर्डिथ सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत एकटी दाराशी. आणि माणसं तरी कशी! येता-जाता खिसे चाचपून दाखवायची.

"सुट्टे नाहीत हो, कार्डच असतं हल्ली."

"फोन टेकवा इथे, त्याने पैसे जातात," आर्डिथ किटलीवर चिकटवलेल्या चौकोनाकडे बोट दाखवायची. ते कसं जातात हे तिलाही माहीत नव्हतं.

"येताना टेकवतो हां," म्हणून माणूस आत जायचा आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायचा.

त्यातच दुकानाला नवा मॅनेजर आला होता. पोरगेलासा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, बोलायला मऊ. एक दिवस तो बाहेर येऊन हात चोळत उभा राहिला. "मॅम, राग मानू नका. पण कॅशवरच्या मुलींची डोकी उठतात हो. जरा हळू वाजवाल का?"

"हळू घंटा कशी वाजवतात ते तू दाखव, बाबा. मी शिकते," आर्डिथ म्हणाली आणि घंटा त्याच्यापुढे धरली.

तो लाजून आत गेला. दुसऱ्या दिवशी मात्र मिशनकडून नवी घंटा आली. मांजराच्या गळ्यात बांधतात तेवढी.

त्याच आठवड्यात मिशनचं काम बघणारी जोएल तिला भेटायला आली. तिशीतली मुलगी, सदा धावपळीत, एका हातात गाडीची किल्ली आणि दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला दालचिनीचा रोल. "मिसेस कायपर, तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. सोमवारपासून बरोबर दोन वाजता तुम्हाला सोडवायला माणूस येणार. तुम्ही एप्रन काढून द्यायचा आणि सरळ घरी जायचं."

"देव भलं करो तुझं. कोण येतंय?"

"नवीनच नाव आहे. व्हर्ना टास्कर. स्वतःहून फोन केला त्यांनी. ओळखता?"

आर्डिथने घंटा खाली घेतली. "दुसरं कुणी नाही का?"

"मिसेस कायपर," जोएल रोल गिळत म्हणाली, "दुसरं कुणीच नाही."

ओळखता का, म्हणे. व्हर्ना आणि आर्डिथ एकाच आठवड्यात कारखान्यात लागल्या होत्या. बिया काढलेल्या चेरी सरकत्या पट्ट्यावरून यायच्या, त्यातल्या नासक्या वेचून टाकायचं काम. समोरासमोर उभ्या राहायच्या. बारा वर्षं दोघींचा डबा एक, गाडी एक, हसणं एक. हात कोपरापर्यंत लाल व्हायचे, ते धुतानाही दोघींचं तोंड चालूच. व्हर्नाचा नवरा मासेमारीला म्हणून अलास्काला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा तिच्या तान्ह्या टॅमीला महिनाभर आर्डिथने सांभाळलं होतं.

मग संप झाला. ऐन फेब्रुवारीत. आर्डिथ तेव्हा चौतीसची, आवाज खणखणीत, फाटकावरच्या बायकांची पुढारी. आठव्या आठवड्यात एका सकाळी फाटकाशी एक निळी गाडी आली, कामावर जाण्यासाठी. काचेतून व्हर्ना दिसली. सगळ्यांनी आर्डिथकडे बघितलं. आर्डिथच्या पायाशी नासक्या चेरींची बादली होती, मालकाच्या गाडीवर ओतायला ठेवलेली. तिने ती उचलली आणि समोरच्या काचेवर रिकामी केली. "फितूर!" ती ओरडली. बादली रिकामी झाल्यावर तिला मागच्या सीटवर पाच वर्षांची टॅमी दिसली. तोंड वासलेलं. काचा बंद होत्या म्हणून रडण्याचा आवाज बाहेर आला नाही.

संप अकराव्या आठवड्यात मोडला. कमी पगारावर सगळ्याच परत आत गेल्या. मुकादमाने जुन्या जागाच दिल्या, त्यामुळे आर्डिथ आणि व्हर्ना पुन्हा समोरासमोर. चौदा वर्षं त्या एका पट्ट्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत. गरज पडली तर तिसरीला मध्ये घालायच्या. "तिला सांग, पट्टा थांबव." "तिला म्हणावं, थांबवलाय." मग कारखाना बंद पडला आणि तीही गरज उरली नाही. एवढंसं गाव. तरी कुणाला चुकवायचंच म्हटलं तर चुकवता येतं.

सोमवारी बरोबर दोनला व्हर्ना आली. उंचीला होती त्याहून लहान झाली होती, डोक्यावर लोकरी टोपी, हातात काठी. आर्डिथने एप्रन काढला. हातात द्यावा की नाही हे तिला कळेना, म्हणून तिने तो तिपाईवर टाकला आणि घंटा किटलीवर ठेवली. व्हर्नाने एप्रन उचलला, झटकला, घातला. आर्डिथ गाडीकडे चालू लागली. मागे घंटा वाजायला लागली तेव्हा तिला वाटलं, ही आपल्यापेक्षा जोरात वाजवते.

घरी तिचा नवरा मायलो खुर्चीत बसून हवामानाचा चॅनल बघत होता. फुप्फुसं कामातून गेल्यापासून त्याला सगळ्या देशाच्या हवेची काळजी. "आली का ती?"

"आली."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार?"

"चौदा वर्षं पट्ट्यावर गप्प, आता दारात गप्प," मायलो म्हणाला. "तिसरी बाई नेमायला सांग मिशनला. निरोप्याचं काम करील."

"तू तुझं डकोटाचं वादळ बघ," आर्डिथ म्हणाली आणि पाय गरम पाण्यात घालून बसली. पाणी निवलं तरी तिच्याने उठवेना.

तीन दिवस तसेच गेले. एप्रन तिपाईवर, घंटा किटलीवर. चौथ्या दिवशी, गुरुवारी, दोन वाजले, सव्वादोन झाले. वारा उलटा फिरून थेट दाराच्या कोनाड्यात घुसत होता. आर्डिथच्या पायाची बोटं आहेत की गेली ते तिला समजत नव्हतं. किटली सोडून जाता येत नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी काठी टेकत, धापा टाकत व्हर्ना चालत आली.

"दोन वाजून वीस मिनिटं," आर्डिथ म्हणाली.

तोंडातून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. व्हर्नाही थबकली. मग टोपी नीट करत म्हणाली, "गाडी मेली माझी. चालत आले."

"इथे माझे पाय मरायची वेळ आली."

"मग बसायचं होतंस. आत बाकडं आहे."

"बाकड्यावर बसून घंटा वाजवतात का कुणी?"

"मी वाजवते," व्हर्ना म्हणाली. "तू गेलीस की रोज बसते मी. अजून तरी कुणी मेलं नाही त्याने."

आर्डिथने एप्रन काढून पुढे केला. या खेपेला व्हर्नाने तो तिच्या हातातून घेतला. त्या दिवशी मायलोला भारी मजा वाटली. "म्हणजे पस्तीस वर्षांनी तिला तू वेळ सांगितलीस! उद्या तारीख सांग. सावकाश घ्या, घाई नाही."

तेवीस तारखेला सकाळपासून बर्फ पडत होता, आणि दुपारी त्याला वाऱ्याची साथ मिळाली. दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं, तीही दूध-ब्रेड घेऊन पळणारी. दोन वाजता व्हर्ना आली तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ होता. तेवढ्यात जोएलचा फोन आला. आज बंद करा, आमची गाडी किटली घ्यायला येतेय. पण रस्ता मोकळा होईपर्यंत वेळ लागेल. मॅनेजर पोरगाही बाहेर डोकावला. पोलिसांनी कळवलंय, बर्फ हटवणारं यंत्र फिरेपर्यंत गाड्या काढू नका. किटली आत घ्या, दोन दारांच्या मध्ये.

त्या दोन दारांच्या मधल्या काचेच्या खोलीत सामानाच्या ढकलगाड्यांची रांग होती आणि एक बाकडं. वरून गरम हवेचा झोत यायचा, पण दार उघडलं की तो निघून जायचा. दोघी बाकड्यावर बसल्या, मध्ये किटली ठेवून. मॅनेजरने दोन कागदी पेल्यांत कॉफी आणून दिली आणि म्हणाला, "घंटा नाही वाजवलीत तरी चालेल."

"ऐकलंस?" व्हर्ना म्हणाली. "सुट्टी दिली."

दोघी कॉफी पिऊ लागल्या. बाहेर गाड्यांच्या रांगा पांढऱ्या होत होत्या.

"टॅमी येणार आहे का ख्रिसमसला?" आर्डिथने विचारलं.

"ॲरिझोनात असते ती. छातीचं दुखणं, तिला इकडची थंडी चालत नाही. तिचीही मुलं आता मोठी. फोन करते." व्हर्नाने पेल्यात बघितलं. "म्हणूनच तर यादीत नाव दिलं. घरात बसून भिंतींशी किती बोलणार!"

"मी इथे असते हे माहीत होतं तुला?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. मी दुसरं दुकान मागितलं होतं. त्या पोरीने इथेच टाकलं."

आर्डिथला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत विरलं. तिने किटलीच्या पलीकडे बघितलं. "त्या बादलीचं..." ती म्हणाली आणि थांबली. पस्तीस वर्षांत हे वाक्य तिने किती तऱ्हांनी मनात म्हटलं होतं. आता एकही तऱ्हा आठवेना.

"काच मीच धुतली," व्हर्ना म्हणाली. "कारखान्याच्या नळावर. आठवडाभर वायपरखालून लाल पाणी यायचं. टॅमीला वाटलं रक्त आहे. कुणाला तरी चिरडलं आपण, असं तिला वाटत होतं. रात्री विचारायची, आई, ती बाई मेली का?"

आर्डिथच्या हातातला पेला वाकडा झाला होता.

"ती त्या वेळी गाडीत का होती माहीत आहे? रात्रभर धाप लागली होती तिला. शेजारीण म्हणाली, असलं पोर मी नाही ठेवून घेणार. संपात कारखान्याचा विमा बंद झाला, श्वासातून ओढायच्या औषधाची नळी संपलेली. पगार सुरू झाला की विमा सुरू, एवढंच मला कळत होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?" आर्डिथ जवळजवळ ओरडली. खरेदी करून निघालेला एक म्हातारा दचकून बघू लागला. तिने आवाज खाली आणला. "अगं, माझ्याकडे राहिली होती ती महिनाभर. मला सांगायचं होतंस."

"आले होते सांगायला. सातव्या आठवड्यात. तू खोकी वाटत होतीस फाटकाशी, मी रांगेत होते. मिशनवाले औषधाचं बघतात का, ते तुला विचारणार होते. पुढच्या बाईला तू म्हणालीस, जी आत जाईल तिची गाडी मी माझ्या हाताने रंगवीन. सगळ्या हसल्या. मी पण हसले. खोकं घेतलं आणि घरी गेले."

"गमतीत म्हटलं असेल मी."

"असेल. पण त्या दिवसांत तू ऐकत होतीस का कुणाचं?"

ते खरं होतं. ती फाटकावर होती, आवाज मोठा होता, लोक तिच्या शब्दावर थांबत होते. आयुष्यात तेवढे अकरा आठवडेच तिला कुणी विचारलं होतं. तिला ते आवडलंही होतं, हे तिने मायलोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"चुकलं माझं, व्हर्ना," ती म्हणाली. "पोर आहे हे दिसलं तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं मी. आले नाही."

व्हर्नाने काठीच्या टोकाने फरशीवरचं बर्फाचं पाणी इकडून तिकडे ओढलं. "मी माफबिफ केलंय असं समजू नकोस हां."

"नाही समजत."

"थकले मी, एवढंच. या वयात कुणाचा राग धरायचा तर तोही रोज उठून धरावा लागतो. माझ्याच्याने गोळ्यासुद्धा वेळेवर घेतल्या जात नाहीत." तिने रिकामा पेला आर्डिथपुढे धरला. "कॉफी अजून आहे का बघ त्या पोराकडे. तुझे पाय जवळ आहेत दाराला."

"माझे पाय!" आर्डिथ म्हणाली. "माझे पाय सकाळपासून माझे नाहीत." पण ती उठली. ढकलगाड्यांना धरत धरत आत गेली आणि दोन पेले भरून घेऊन आली.

मिशनची गाडी आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. तोवर दोघींचं बोलणं गुडघ्यांवर, डॉक्टरांवर आणि कारखान्यातल्या जुन्या मुकादमावर येऊन पोचलं होतं. मुकादमाच्या बाबतीत पूर्ण एकमत झालं. मेल्याला दोघींनीही अजून सोडलं नव्हतं.

चोवीसला काम दुपारपर्यंतच होतं. त्या दिवशी व्हर्नाची बदली नव्हती, तरी ती अकराला आली. बाकड्यावर बसून ती घंटा वाजवत होती आणि आर्डिथ बाहेर किटलीजवळ उभी होती. घाईघाईत खरेदीला आलेली माणसं खिशातून काहीबाही काढून टाकत होती. शेवटच्या दिवशी टाकतात तशी. बाराला जोएल आली, दोघींना मिठी मारली, दोघींच्या हातात बिस्किटांचे डबे दिले आणि पुढच्या दुकानाकडे पळाली. आर्डिथने व्हर्नाला घरापर्यंत सोडलं. तीनच गल्ल्या, पण बर्फातून गाडी मुंगीच्या पावलांनी गेली.

"आत येतेस?" उतरताना व्हर्नाने विचारलं. विचारल्यासारखं नव्हे, वाटेतला अडथळा दाखवल्यासारखं.

"आज पाय उचलणार नाही माझा. मायलोचं जेवणही व्हायचंय. उद्या?"

"उद्या ख्रिसमस आहे, बाई."

"मग परवा."

"ये परवा," व्हर्ना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सव्वीसला आर्डिथ गेली. मायलोने बोलायला सुचवलेलं सगळं तिने ऐकून घेतलं, तारीख, वार, हवामान, आणि बटाट्याच्या सुपाचं पातेलं घेऊन निघाली. व्हर्नाचं स्वयंपाकघर लहान होतं, हीटर मात्र चांगला पेटलेला. खिडकीशी हातांची एक जुनी खुर्ची होती. व्हर्ना म्हणाली, बस तिथे, सूप गरम करते. आर्डिथ बसली. चार आठवड्यांत पहिल्यांदाच पायाखाली थंड जमीन नव्हती, कानात घंटा नव्हती, आणि समोरून येणाऱ्या कुणाकडे बघून हसायचं नव्हतं. चमच्याचा आवाज येत होता. त्यावर तिचे डोळे मिटले ते कधी, तिला कळलंच नाही.

जाग आली ती फोनच्या आवाजाने. अंगावर कसलीतरी शाल होती. तिने डोळे उघडले नाहीत. व्हर्ना फोनवर खालच्या आवाजात बोलत होती. आई-मुलीचं चाललं होतं, औषध घेतेस का, मुलं काय म्हणतात, इकडे किती बर्फ पडला. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"कुणी नाही गं," व्हर्ना म्हणाली. "कारखान्यातली आहे एक. सूप घेऊन आली होती." तिकडून पुन्हा काही विचारलं गेलं, त्यावर म्हणाली, "नाही, बोलत नाही आहोत. झोपलीय ती. पार दमलीय. झोपू दे."